मदत हवी आहे: हायड्रोजन साठवायला टाकी कोणती?

खटपट्या:
विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर तयार आहे, तो जाळायला जनरेटर आहे. अडलंय टाकीपाशी. एलपीजीचं रिकामं सिलिंडर चालेल का? दुसरं, इंजिनाला गॅस दिला की धडाधड बॅकफायर. कार्बोरेटर तीनदा खोलून झाला. लवकर सांगा, उद्या सुट्टी आहे.

दीडशहाणा:
जनरेटर केवढा? किती तास चालवणार? ताशी गॅस किती निघतो? ऑक्सिजन वेगळा काढताय ना?

थंडागरम:
जाळताच कशाला? फ्युएल सेल घ्या, तो हायड्रोजनपासून थेट वीज करतो. छोट्या इंजिनात ऊर्जेचे 20-25 टक्के हाती लागतात, सेलमध्ये 50.

खटपट्या:
सेल नकोय. टाकीचं बोला. जनरेटर 1 किलोवॅट, दोन तास चालला तरी पुरे.

धातुमित्र:
मेटल हायड्राइड, दुसरं काही बघूच नका. लँथॅनम-निकेलची पूड हायड्रोजन पिऊन बसते, कोमट केली की सोडते. वजनाच्या जेमतेम 1.4 टक्के मावतो, पण जनरेटर काही डोक्यावर घेऊन फिरायचा नाहीये.

थंडागरम:
ओल्या गॅसने ती पूड नासते, ते सांगा की. गाड्यांमध्ये 700 बारच्या, म्हणजे हवेच्या जवळपास 700 पट दाबाच्या, टाक्या उगाच नाहीत. लिटरमागे 40 ग्रॅम मावतो.

धातुमित्र:
आणि 700 बारला दाबणार कशाने, सायकलच्या पंपाने?

मायलेजवाला:
मी गाडीला पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनाला देणारं किट लावलंय. ॲव्हरेज मस्त वाढलं.

दीडशहाणा:
त्या किटची वीज ऑल्टरनेटर देतो, ऑल्टरनेटरला पेट्रोल फिरवतं. असो. खटपट्या, ‘रिकाम्या’ सिलिंडरमध्ये हवा असते. हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला तरी पेटतो. ते नकोच. ताशी लिटर किती?

ग्रीसचे_हात:
बॅकफायरचं मी सांगतो. छोट्या जनरेटरचा मॅग्नेटो, म्हणजे प्लगला वीज देणारा भाग, इंजिनाच्या प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतो, म्हणजे एक फुकटची, एक्झॉस्ट संपताना. तेव्हा इनटेक वाल्व उघडू लागलेला असतो. पेट्रोलला फरक पडत नाही, हायड्रोजन लगेच पकडतो. कार्बोरेटर कितीही खोला, काही होणार नाही. कॅमवरून चालणारं इग्निशन बसवा, ते दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी टाकतं. कोल्ड प्लग (कमी तापणारा) लावा, मिश्रण पातळ, म्हणजे गॅस कमी आणि हवा जास्त, ठेवा.

खटपट्या:
हे पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं! गॅस ताशी 30 लिटर.

दीडशहाणा:
1 किलो म्हणजे साधारण 11,000 लिटर. तुमच्या दोन तासांना 300 ग्रॅम तरी लागेल, म्हणजे 3,300 लिटर. सलग 110 तास भरत बसाल. टाकीचं नंतर बघू. ऑक्सिजनचं दुसऱ्यांदा विचारतोय.

खटपट्या:
एकाच नळीतून येतात दोन्ही. मधे पाण्याचा डबा आहे. का?

दीडशहाणा:
मग त्या 30 मध्ये हायड्रोजन 20च लिटर, आणि बाकीचा 10 लिटर त्याला पेटायला लागणारा ऑक्सिजन. हे मिश्रण साठवायचं नसतंच, कशातही नाही. इलेक्ट्रोलायझर आत्ता बंद करा. भरून ठेवलाय का कुठे?

खटपट्या:
ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये. जिन्याखाली आहे.

ग्रीसचे_हात:
जिन्याखालचा दिवा लावू नका. घरातल्यांना आधी बाहेर काढा आणि फायर ब्रिगेडला फोन लावा. ट्यूबला हात लावायला जाऊ नका.