टीएलसीवर स्टिरिओआयसोमर वेगळे होतात का?

टीएलसी म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी: सिलिकाचा थर दिलेल्या प्लेटवर द्रावक चढतो आणि मिश्रणातले घटक वेगवेगळ्या उंचीवर ठिपके देतात. स्टिरिओआयसोमर म्हणजे अणूंची जोडणी तीच, पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेली रूपे. त्यांपैकी एनॅन्टिओमरांचे, म्हणजे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या रूपांचे, मिश्रण साध्या सिलिकाच्या प्लेटवर एकच ठिपका देते: सिलिका स्वतः अकायरल, म्हणजे डावे-उजवे असा भेद नसलेली, असल्यामुळे दोन्ही रूपांना ती सारखीच धरून ठेवते, आणि अकायरल द्रावक कितीही बदलले तरी त्यात फरक पडत नाही. मात्र त्यावरून ‘टीएलसीने स्टिरिओआयसोमर वेगळे होत नाहीत’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. डायस्टिरिओमरांचे, म्हणजे आरशातील प्रतिमा नसलेल्या स्टिरिओआयसोमरांचे, भौतिक गुणधर्म भिन्न असतात, त्यामुळे ते पुष्कळदा वेगळे होतात.

अ‍ॅझोबेन्झिन या रंगीत संयुगाचेच पाहा. त्यातली दोन बेन्झिन वलये नायट्रोजनच्या दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना असली तर ते ट्रान्स रूप, एकाच बाजूला असली तर सिस. ट्रान्स रूपाचा द्विध्रुव आघूर्ण (रेणूच्या ध्रुवीयतेचे माप) शून्य, तर सिस रूपाचा सुमारे 3 डिबाय असतो, आणि सिलिका जास्त ध्रुवीय रेणूला अधिक घट्ट धरते. म्हणून हेक्झेनमध्ये थोडे इथाइल अ‍ॅसिटेट मिसळून प्लेट चालवली, तर ट्रान्सचा ठिपका बराच वर जातो आणि सिसचा आरंभरेषेच्या जवळ रेंगाळतो. दोन्ही रंगीत असल्याने ठिपके पाहायला अतिनील दिव्याचीही गरज नसते. द्रावण आधी 365 नॅनोमीटरच्या प्रकाशात ठेवले की ट्रान्सचे सिस होऊन खालचा ठिपका ठळक होतो. प्लेट शक्यतो मंद उजेडात चालवावी, कारण प्रकाशाने ही रूपे एकमेकांत बदलतात. असा बदल प्लेटवरच झाल्याची शंका असल्यास चौकोनी प्लेट एकदा चालवून, वाळवून, 90 अंशांत फिरवून त्याच द्रावकात पुन्हा चालवावी. कर्णरेषेबाहेर ठिपका दिसला, तर रूपांतर प्लेटवरच घडले आहे असे समजावे.

एनॅन्टिओमरांसाठी कायरल थर असलेली प्लेट घ्यावी, किंवा शुद्ध कायरल अभिकारकाने त्यांचे आधी डायस्टिरिओमरांत रूपांतर करावे.