१५ कॅरेट म्हणजे खोटं सोनं नव्हे

सापाच्या आकाराच्या जुन्या अंगठीवर '१५' आणि '.६२५' (म्हणजे २४ पैकी १५ भाग, हजारात ६२५ भाग सोनं) असा शिक्का आहे, म्हणजे फसवणूक झाली का, असं एकाने विचारलंय. अहो, ही तर चांगली खूण! इंग्लंडमध्ये १८५४ साली १५ कॅरेटला मान्यता मिळाली आणि १९३२ मध्ये हा दर्जा बंद झाला. शिक्का अस्सल असेल (खोटेही मारतात म्हणा), तर अंगठी त्या दरम्यानची.

साप तिथे अपशकुनी नव्हता. अल्बर्टने व्हिक्टोरिया राणीला साखरपुड्याला सर्पाचीच अंगठी दिली होती, डोक्यावर पाचू जडवलेली. वेटोळं म्हणजे न संपणारं प्रेम.

आता भिंग घेऊन खवले बघा. हाताने कोरलेल्या रेघा सगळ्या सारख्या खोल नसतात. डोळ्यांतले खडे डिंकाने चिकटवलेले दिसले, तर मात्र नंतर कुणीतरी हात मारलाय.