जीपला काढता-घालता येणारे मडफ्लॅप कसे बसवावेत?

मदत हवी आहे. गोव्यात वाळपईला जुनी उघडी जीप आहे. 15 वर्षांची नोंदणी संपत आलीय, नूतनीकरणाच्या तपासणीआधी मागे मडफ्लॅप (चाकामागे लटकणारे, चिखल अडवणारे रबरी पडदे) लावायचेत. पावसात तांबडा चिखल मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतो, ते मला मुळीच पटत नाही. पण सत्तरी तालुक्यातल्या रानवाटांवर रिव्हर्स घेताना फ्लॅप टायर आणि दगडाच्या मध्ये सापडून फाटतात, म्हणून काढता यायला हवेत.

मडगार्डला नट-बोल्टने लावले, तर पत्रा चिरला. स्प्रिंगच्या क्लिपा खड्ड्यांत सुटल्या. आता बंपरच्या ब्रॅकेटला चौकोनी पाइप बसवून त्यात फ्लॅपचा दांडा सरकवायचा, वरून पिन घालायची असा विचार आहे. चासीला (गाडीच्या सांगाड्याला) भोक किंवा वेल्डिंग नको. टायर मूळ मापाचेच आहेत, मडगार्डबाहेर येत नाहीत. डावीकडे सायलेन्सर जवळ आहे.

रबर किती जाड घ्यावं, आणि जमिनीपासून किती उंच ठेवलं तर वेगात मागे न उडता चिखल अडेल?