'यंदा नवीन इंजिन येऊन राह्यलं' : आवई, आरपीएम अन् आपले अनुभव

परतवाडा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या चहाटपरीवर एक फॉरवर्ड येऊन पोचला. नवीन स्पोर्ट क्वाड (चार चाकांची, बाइकसारखं हँडल असलेली गाडी) येणार, ४५० सीसी, सिलिंडर एकच, अन् इंजिन म्हणे १३,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, मारणार. खाली फोटो जुन्याच गाडीचा, नुसता रंग बदललेला. कंपनी कोणती म्हणून विचारलं तर दोन पोरांनी दोन नावं सांगितली. आमच्या तालुक्यात स्वतःची स्पोर्ट क्वाड असलेला एकही माणूस मला माहीत नाही. तरी पाऊण तास भांडण चाललं अन् दोघं चहाचे पैसे न देता तणतणत निघून गेले. पैसे मी दिले.

म्हणून हा धागा. क्वाड, बाइक, ट्रॅक्टर, काहीही चालेल. 'जास्त फिरणारं इंजिन येतंय' हे तुम्ही कुठून ऐकलं, ऐकून काय केलं, अन् हातात आलं ते कसं निघालं, लिहा.

माझं आधी सांगतो. मीही असंच ऐकून-ऐकून एक स्पोर्ट बाइक सेकंडहँड घेतली. हायवेला वाघ. जुलैत शेतात न्यायला काढली तर पांदण रस्त्यावर खालच्या आरपीएमला धक्के देऊन बंद पडे, अन् रेस दिली की मागचं चाक जागच्या जागी काळ्या मातीत रुतत जाई. शेजारचे काका जुन्या १०० सीसीवर मागे खताची बॅग बांधून बाजूने निघून गेले. थांबलेही नाहीत.

चिखलदरा, राइडचा धंदा

आमच्याकडच्या क्वाड ११० सीसीच्या, ऑटोमॅटिक. पर्यटक आला की पहिला प्रश्न, "टॉप किती?" टॉप मी ठरवतो भाऊ. अंगठ्याच्या लिव्हरपाशी एक छोटा स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर अर्ध्यावरच अडते. लहान पोरगं बसलं की दोन आटे आणखी आत.

बाइक चालवणाऱ्यांची गंमत वेगळीच. बसल्या-बसल्या मूठ पिळतात. काहीच होत नाही, कारण क्वाडला ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो. मग चिडून अंगठा पूर्ण दाबतात अन् गाडी सरळ टायरच्या कुंपणात. हे मी रोज पाहतो. तेरा हजारवाली आली तर कुंपण बदलावं लागेल, एवढंच माझं मत.

एअर फिल्टरचं मात्र कोणी बोलत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी फिल्टर झटकला की मूठभर माती निघते. इंजिन जेवढं जास्त फिरणार तेवढी जास्त हवा ओढणार, अन् फिल्टरची हयगय झाली तर त्या हवेतून मातीही.

आर्णी, पूर्वी दुबईत

मी २००३ ते २००९ दुबईला वाळवंटातल्या एका भाड्याच्या क्वाडच्या दुकानात होतो. धुणं, चेन ताणणं, फिल्टर, हेच काम. धाग्यात जे चाललंय ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलंय.

२००४ला होंडाची टीआरएक्स ४५०आर अन् यामाहाची वायएफझेड ४५० एकाच वर्षी आल्या. यामाहाची फिरायला जास्त मोकळी, होंडाची खालून ओढायला बरी. झालं, गिऱ्हाइकांत दोन पार्ट्या. २००५भर एकच चर्चा, होंडा आता जास्त फिरणारं इंजिन देणार. कोणी म्हणे दोन सिलिंडर येणार, कोणी म्हणे रेसच्या बाइकचं अख्खं इंजिन उचलून टाकणार. एका पोराने तर हातची गाडी विकून टाकली, नवीन येणार म्हणून.

२००६ची गाडी आली तेव्हा कळलं, आवई अर्धी खरी होती. आधी बोअर (सिलिंडरची रुंदी) ९४ अन् स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६४.८ मिलिमीटर होता, तो ९६ अन् ६२.१ झाला. सीसी तेवढीच, ४५०च्या आतच. पिस्टन रुंद झाला, त्याची धाव कमी झाली, म्हणून इंजिन जास्त फिरू शकलं. सिलिंडर एकच राहिला. बदल मिलिमीटरचा अन् गप्पा आभाळाच्या! पण चालवल्यावर फरक जाणवायचा हेही खरं, उगाच नाकारणार नाही. वाळूत मागे पॅडल टायर (वाळू मागे ढकलणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) लावलेले असतात, तिथे चाक सतत फिरतं ठेवावं लागतं, तिथे वरची ताकद कामाची.

गाडी विकलेला पोरगा मात्र ते चार-पाच महिने पायी फिरला.

दर्यापूर, गॅरेज

आर्णीवाल्या भाऊनं बरोबर सांगतलं. मी आपला हिशोब मांडतो, कोनाले पटो न पटो.

यामाहाची जुनी आरएक्स १०० बाइक घ्या. बोअर ५०, स्ट्रोक ५०. ७,५०० आरपीएमले ११ घोडे, म्हंजे हॉर्सपॉवर. म्हंजे एका सेकंदात १२५ चक्कर, दर चक्करले पिस्टन एक डाव वर अन् एक डाव खाली, हिशोब केला तं सेकंदाले साडेबारा मीटर. आता थे ६२.१ स्ट्रोकवालं १०,००० वर न्या, होते २०.७ मीटर. अन् तुमचं फॉरवर्डवालं १३,००० त्याच स्ट्रोकवर? जवळपास २७ मीटर! पिस्टन वरच्या टोकाले जाऊन थांबते, मंग खाली येते. थे थांबवाचा झटका पिस्टनले धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडले बसते, अन् आरपीएम सव्वापट झालं म्हणून झटका सव्वापट नाही होत, वर्गानं वाढते. १० चे १३ हजार केले तं पावणेदोन पटीच्या जवळ. वरून व्हॉल्व्हच्या (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगले इतक्या लवकर व्हॉल्व्ह बंद करता आला पाह्यजे, नाही तं व्हॉल्व्ह तरंगते अन् पिस्टनले भेटाले येते. म्हणूनच त्या यामाहात पाच व्हॉल्व्ह टाकले होते, एकेक हलका राह्यला पाह्यजे म्हणून. स्ट्रोक आणखी कमी केला तं १३ हजार होईन बी, पण मंग खालचा जोर जाते. फुकट काही नाही भेटत.

एक पोट्टा आल्ता माह्याकडं आरएक्स घेऊन. मोबाइलवर पाहून हेड घासून आणलं, पोर्ट स्वतःच्या हातानं कानशीनं मोठे केले. मी म्हटलं, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदल, नाही तं पेट्रोल कमी अन् गरमी जास्त. त्यानं ऐकलं नाही. मे महिना, अकोल्याचं ऊन. मूर्तिजापूरच्या अलीकडं पिस्टन जाम, मागचं चाक लॉक. वाचला थो, पण पिस्टन मी काढला तवा एका बाजूनं अल्युमिनियम असं ओघळलं होतं जशी मेणबत्ती. अजून खिडकीत ठेवेल हाये. नवीन पोट्टा आला की पैले थे दाखवतो.

वर्धा जिल्हा

मला आरपीएममधलं काही कळत नाही, पण आवईमधलं कळतं. माझा भाऊ गेली कित्येक वर्षं आरएक्स १०० परत येणार म्हणून थांबलाय. आमच्या बाबांची होती, त्यांनी माझ्या लग्नात विकली. दर दिवाळीला हा सांगतो, "ताई, यंदा येऊन राह्यली." ती १९९६ला बंद झाली, हे त्यालाच पाठ आहे. मी विचारलं, मग धुराचे नियम कडक झाल्यावर तसंच टू-स्ट्रोक इंजिन कसं आणतील? तो म्हणतो, नाव तेच राहील, इंजिन वेगळं. मग ती कशी बाबांची गाडी होणार? यावर तो गप्प.

त्याने गाडीसाठी साठवलेल्या पैशातून मागच्या वर्षी विहिरीवरची मोटर बदलली. चांगलं झालं, असं मी म्हटलं तर त्याला राग आला.

बडनेरा, इंजिनिअरिंग

बाहाचा (कॉलेजच्या पोरांनी स्वतः गाडी बनवून उतरायची स्पर्धा) अनुभव. आम्ही कॉलेजची ऑल टेरेन गाडी बनवून पिथमपूरला गेलो होतो. तिथे सगळ्या टीमना इंजिन एकच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० हॉर्सपॉवर, अन् गव्हर्नर (इंजिनाचे फेरे एका मर्यादेवर अडवणारा भाग) ३,८०० आरपीएमला. दरवर्षी हॉस्टेलवर आवई असते की अमुक टीमने गव्हर्नर मोकळा करून ५,००० काढले. आमचे सीनियरही शपथेवर सांगायचे. तपासणीत गव्हर्नर बघतात, मग कसे काढले हे विचारलं की विषय बदलायचे.

३,८०० मध्येच काय करायचं ते करावं लागतं म्हटल्यावर सगळं डोकं सीव्हीटीच्या (आपोआप गिअर बदलणाऱ्या बेल्टच्या यंत्रणेच्या) वजनांत अन् स्प्रिंगमध्ये जातं. आमची चढावर कमी पडली. इंजिन तेच होतं, आमचं ट्यूनिंग चुकलं.

तळेगाव दशासर परिसर

पोरं इंजिनाचं बोलतात, मी बैलजोडीचं बोलतो. धागाकर्त्याला चालत नसेल तर काढून टाका.

२०१४च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, आमचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, थांबला. तेव्हापासून दर हिवाळ्यात आवई, "यंदा पट भरणार." २०१७ला राज्याने शर्यतींना परवानगी देणारा कायदा केला तेव्हा तर मी बैलांच्या माळा धुऊन वाळत घातल्या, रेंगीची (हलक्या बैलगाडीची) चाकं ठोकून घेतली. मग हायकोर्टाने थांबवलं. माळा परत पेटीत.

माझा पट्टीचा बैल तेव्हा ऐन भरात होता. बैलाला काय सांगणार कोर्टाचं? त्याला सरकीची ढेप लागायची, ती मी देत राहिलो, घरचे ओरडले तरी. झेंडी पडायच्या आधी जोडी कशी थरथरते ते ज्याने पाहिलं नाही त्याला तुमचं ते तेरा हजारही कळायचं नाही. डिसेंबर २०२१ला परवानगी आली. बैल तोवर म्हातारा झाला होता. मी त्याला पट पाहायला नेला. बांधून ठेवला होता, पण जोड्या सुटल्या की कान टवकारायचा.

दर्यापूर, गॅरेज

काका, याच्यापुढं माह्या पिस्टनची काय किंमत. राहू द्या, काढू नका.

परतवाडा (धागाकर्ता)

काढत नाही. उलट वर नेतो.

टपरीवरचे दोघं परत आले बरं का. चहाचे पैसे अजून दिलेले नाहीत. नवा फॉरवर्ड आणलाय, आता १४,००० झालेत अन् गाडीचा रंग निळा आहे.

हिंगणघाट

मी नुसताच वाचक. चिखलदऱ्याची राइड सोमवारी चालू असते का? पोराला आणायचं आहे, दहा वर्षांचा आहे.

चिखलदरा, राइडचा धंदा

असते. सकाळी या, दुपारनंतर धुकं उतरतं. दोन आटे आत घेऊन ठेवतो.