कापता कापता ग्राइंडर उसळतो, भाऊ गार्ड लावत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरामागच्या शेडमध्ये वडिलांचे टॉवेलचे माग होते. गेल्या वर्षी ते विकावे लागले. आता त्या शेडमध्ये धाकटा भाऊ फॅब्रिकेशनची छोटी कामं घेतो: खिडकीच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, टाकीचे स्टँड. वेल्डिंग तो एका कारागिराच्या हाताखाली वर्षभर शिकला. ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीनं लोखंड कापायचं हातातलं मशीन, मात्र त्याला कुणी शिकवला नाही, दुसऱ्यांचं बघून हातात घेतला.

परवा तो स्टँडसाठी ४० बाय ४० मिमीचा, ५ मिमी जाडीचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) कापत होता. दोन टोकं विटांच्या दोन थप्प्यांवर, खूण मधोमध. काप निम्म्याच्या पुढे गेला, मशीनचा आवाज एकदम दबला आणि ते उसळलं. मी चहा घेऊन दारातच उभी होते. चकतीनं त्याची पँट मांडीवर चार बोटं फाडली. कातडीवर लाल रेघ उठली, रक्त आलं नाही. चकतीचा तुकडा मागच्या पत्र्यात घुसला होता, तो मी पक्कडीनं ओढून काढला.

मशीन ४ इंची आहे, त्यावर ११,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, असं लिहिलंय. गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, त्यानं पहिल्याच आठवड्यात काढून खुंटीला टांगला. "गार्डमुळे खूण दिसत नाही," म्हणतो. धूळ नको म्हणून तोंडाला टॉवेल गुंडाळतो. चष्मा कधी असतो, कधी नसतो.

हे काम सोड असं मी त्याला सांगणार नाही. घर त्यावर चाललंय आणि त्याचा हातही चांगला आहे. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की चकती का अडकते, आणि कापायची बरोबर पद्धत कोणती. मी नीट समजावलं तर तो ऐकेल. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

लोखंडकाम

ताई, भाऊ वाचला हे फार मोठं झालं. मी चिंचोळी एमआयडीसीत वीस वर्षं हेच काम करतोय.

तुम्ही लिहिलेल्या विटांच्या दोन थप्प्यांतच कारण आहे. दोन्ही टोकांना आधार आणि मधे काप, म्हणजे काप खोल जाईल तसा अँगल मधे वाकतो आणि कापाची फट वरून मिटते. चकती चिमटीत सापडते. तिला फिरायला जागा उरली नाही की फिरण्याचा सगळा जोर मशीनमध्ये उतरतो आणि मशीन माणसाकडे फेकलं जातं. ११,००० आरपीएमला ४ इंची चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

म्हणून अँगल एका बाजूला वाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) किंवा सी क्लॅम्पनं टेबलाला घट्ट आवळायचा, खूण क्लॅम्पच्या जवळ घ्यायची आणि कापून पडणारा तुकडा मोकळा लोंबू द्यायचा. काप पुढे जाईल तशी फट उघडत जाते. लांब तुकडा असेल तर खाली हलका टेकू द्या, पण तो तुकड्याला वर ढकलणारा नको.

अँगल एका दमात कापायचा नाही. आधी एलची एक बाजू, म्हणजे एक पाख, मग दुसरी. चकती कापात सरळ ठेवायची, जरासुद्धा पिळायची नाही, आणि दाबायचं नाही. दाब वाढवावासा वाटला तर चकती बोथट झाली किंवा चुकीची आहे असं समजा. मशीन चकतीच्या फिरण्याच्या उलट दिशेनं सरकवायचं. फिरण्याच्या दिशेनं नेलं तर चकती लोखंडावर चढून पळते. दोन्ही हात मशीनवर, बाजूचा दांडा लावलेलाच, आणि आपण चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. परवा तो बाजूला असता तर पँट फाटली नसती.

आता एक सांगा. चकतीवर आणि तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर काय छापलंय?

सूतवाला

वरचं सगळं पटलं. पण मला भीती दुसरीच वाटते. ती शेड मागाची आहे. माग गेले तरी कापसाची भुरभुर वाशांवर, पत्र्याच्या पन्हाळीत, भिंतींच्या भेगांत वर्षानुवर्षं बसलेली असते. ठिणगी दहा-पंधरा फूट सहज जाते आणि त्या भुरभुरीत धुमसत राहते. जाळ लगेच दिसत नाही, रात्री दिसतो. आधी शेड वरपासून झाडून काढा. ठिणग्या मोकळ्या भिंतीकडे जातील अशी टेबलाची दिशा ठेवा, पाण्याची बादली आणि ओलं पोतं जवळ असू द्या. काम संपल्यावर किमान अर्धा तास शेडमध्ये थांबा, तासभर थांबलात तर उत्तम.

तोंडाचा टॉवेल आजच बंद करा. त्याचं टोक चकतीत गेलं तर मशीन थेट गळ्याशी येतं. धुळीसाठी मास्क मिळतो. सैल सुती हातमोजेही नकोत, हाताला बसणारे चामड्याचे घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चकती आणून पाहिली आणि पोटात गोळा आला. ती १२५ मिमीची आहे, म्हणजे ५ इंची. १२,२०० आरपीएम छापलंय. भोक मोठं म्हणून भावानं आत पत्र्याचं कडं बसवलंय. चकतीच्या मूळच्या धातूच्या कड्यावर मुदतीचा जो महिना-वर्ष आहे, तो उलटून आठ महिने झालेत. दुकानात स्वस्तात मिळाल्या म्हणून त्यानं पंचवीस घेतल्या होत्या.

लोखंडकाम

मग गार्ड का काढला ते कळलं. ४ इंचीच्या गार्डमध्ये ५ इंची चकती मावतच नाही. खूण न दिसण्याचं कारण नंतर जोडलेलं आहे, पण त्याला हे रागावून सांगू नका.

वेगाचा आकडा बघितला तर १२,२०० हा ११,००० पेक्षा जास्त आहे, तेवढ्यावरून चकती चालेल असं वाटतं. पण ४ इंची मशीनला १६ मिमीचं भोक लागतं आणि ५ इंचीचं असतं २२ मिमीच्या थोडं वर. पत्र्याच्या कड्यावर चकती मध्यात बसत नाही, थरथरते आणि फुटते. फुटल्यावर तुकडे अडवायला गार्डच नाही. तारखेचं म्हणाल तर या चकत्या रेझिननं, म्हणजे एका चिकट पदार्थानं, बांधलेल्या असतात, ते जुनं झालं की किंवा ओल लागली की पकड सुटते. म्हणून साधारण ३ वर्षांची मुदत छापतात.

१०० मिमीच्या, १६ मिमी भोकाच्या, १ ते १.२ मिमी जाडीच्या कटिंग चकत्या घ्या. त्यांच्यावर १५,३०० च्या आसपास आकडा असतो. नवी चकती लावताना प्लग काढायचा, लावल्यावर मशीन दूर धरून मिनिटभर रिकामं फिरवायचं. आणि कटिंग चकतीच्या सपाट बाजूनं कधी घासायचं नाही. घासायला ६ मिमीची ग्राइंडिंग चकती किंवा फ्लॅप चकती (पॉलिशकागदाच्या पाकळ्यांची) असते.

अजून एक. वीज गेली की आधी स्विच बंद करायचा. लॉक होणारा स्विच चालूच राहिला तर वीज आल्यावर मशीन टेबलावरून आपोआप धावतं.

सूतवाला

चष्म्यावर चेहऱ्याची पारदर्शक ढालही हवी, नुसत्या चष्म्यानं गाल आणि गळा उघडा राहतो. कानात प्लगही हवेत. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला ग्राइंडरचा आवाज मोठा वाटत नाही, पण कान जायचे ते जातातच.

धागाकर्ती

कानांचं अगदी खरं आहे. आईला आता हाक दोनदा मारावी लागते.

रविवारी दोघांनी मिळून शेड झाडली. वाशांवरून निघालेल्या भुरभुरीनं दोन पोती भरली. भावाला तुमचे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. तो आधी गप्प होता, मग स्वतःच खुंटीवरचा गार्ड काढून पुसायला लागला. नव्या चकत्या आणल्या, अँगल क्लॅम्पमध्ये आवळला, एक पाख कापली, मग दुसरी. आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहिला आणि तुकडा सरळ खाली पडला. गार्ड जरा फिरवून बसवला तर खूणही दिसते, हे त्याचं त्यालाच सापडलं.

शेवटचा प्रश्न. उरलेल्या एकोणीस चकत्यांचं काय करू? शेजारच्या गॅरेजवाल्याकडे ५ इंची मशीन आहे, तो मागतोय.

लोखंडकाम

मुदत संपलीय, त्यालाही देऊ नका. कचऱ्यातून कुणी उचलेल, म्हणून मोडूनच टाका.

धागाकर्ती

चष्मा लावून, पोत्यात घालून एकोणीसही मोडल्या. गॅरेजवाल्याला तारीख कुठे बघायची ते दाखवून आले. त्याच्याकडच्याही चार निघाल्या.