अकोल्यातील घरासाठी जमिनीखालून हवेचे पाइप: एसीशिवाय भागेल का?

प्रश्न:
अकोल्यात आम्ही तळमजल्याचे घर बांधत आहोत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच पाण्याची टंचाई असल्याने कूलरची टाकी भरणेही जिवावर येते. जमिनीत पाइप पुरून त्यांतून खेचलेली हवा घरात सोडण्याची पद्धत वाचनात आली. पायाच्या खोदकामासाठी जेसीबी दारात आहे, अंगणही मोकळे आहे. ही सोय केल्यास एसी टाळता येईल का?

उत्तर १:
उन्हाळ्यापुरता उपयोग निश्चित होईल; एसीला पूर्ण पर्याय मात्र समजू नये. तीन-चार मीटर खोलीवर मातीचे तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीजवळ, म्हणजे आपल्याकडे २७ अंशांच्या आसपास राहते. ताशी ५०० घनमीटर हवा ४२ अंशांवरून ३१ वर आणली, तर सुमारे १.७ किलोवॅट उष्णता निघते. हे एक टनाच्या एसीच्या जेमतेम निम्मे झाले. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या संकुलात चार मीटर खोलीवर असे बोगदे आहेत, पण दमट महिन्यांसाठी तिथेही शीतकरण यंत्रांची जोड द्यावी लागली, कारण पावसाळी हवेतील ओलावा २७ अंशांच्या मातीत फारसा निघत नाही. आधी स्लॅबवर पांढरा परावर्तक लेप द्या. तापलेला स्लॅब तसाच राहिला तर पाइपची थंड हवा पुरणार नाही.

उत्तर २:
काळ्या मातीबद्दल आवर्जून सांगतो. ती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि पाइपभोवती पोकळी राहिली की उष्णता मातीत जातच नाही. म्हणून पाइपभोवती मुरूम भरून, पाणी मारून चांगला दाबून घ्या. पाइप महाग धातूचाच हवा असे नाही, पीव्हीसी चालतो, कारण खरा अडथळा पाइपच्या जाडीचा नसून मातीचा असतो. एका जाड पाइपऐवजी अंतर ठेवून टाकलेले तीन-चार बारीक पाइप अधिक उपयोगी पडतात. त्यांना एका दिशेने उतार द्या आणि टोकाला साचलेले पाणी काढता येईल असा छोटा हौद ठेवा, नाहीतर बुरशीचा वास थेट झोपायच्या खोलीत येईल. एवढ्या खोल चरात आधार लावल्याशिवाय मजुरांना अजिबात उतरवू नका. काळ्या मातीची भिंत क्षणात ढासळते.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. पाइपमधून हवा खेचणारा पंखा अहोरात्र चालू ठेवावा का?

उत्तर १:
नको. सतत चालवल्यास पाइपलगतची माती तापत जाते. दुपारी चालवा, रात्री बंद करून खिडक्या उघडा आणि पावसाळ्यात पाइपची तोंडे झाकून ठेवा.