जड, अंधारे आणि विचित्र अल्बम सुचवा

मेटल संगीत भरपूर ऐकलंय, पण नुसत्या वेगाचा आता वीट आलाय. काहीतरी संथ, काळंकुट्ट हवंय. रात्रपाळी उरकून पहाटेच्या कर्जत लोकलनं घरी येतो, तेव्हा लावायला.

— बेल विच या बँडचा ‘मिरर रीपर’ (२०१७) घे. एकच ट्रॅक, ८३ मिनिटांचा. गिटार नाहीच, बास, ड्रम्स, ऑर्गन आणि आवाज. त्यांचा आधीचा ड्रमर २०१६ मध्ये वारला, त्याचा रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज मधेच येतो. तिथं मी नुसता बसून राहिलो. समोरच्या चहावर साय धरली.

— ८३ मिनिटं? ठाण्याला लावला तर कर्जत आलं तरी संपायचा नाही!

— मग उतरू नकोस :)
माझं मत, आधी ‘अर्थ २’ (१९९३). बँडचं नावही अर्थ, म्हणजे पृथ्वी. आपला ‘अर्थ’ शोधत बसू नकोस. तीनच ट्रॅक, ड्रम्स जवळपास नाहीत. पहिली पाच मिनिटं वाटेल, फ्रीज बिघडलाय. तानपुऱ्याची सवय असेल तर लवकर रुळशील. फोनच्या स्पीकरवर मात्र लावू नकोस, खर्ज ऐकूच येत नाही.

— लावला. डोंबिवलीपर्यंत फ्रीजच होता. बदलापूरला शेजारच्या काकांनी विचारलं, “इअरफोन खराब झालाय का?”